ओल्या कागदावरचे दोनशे शिक्के

शिक्का कसा मारतो त्यावरून माणूस ओळखावा, असं मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. कारकून शिक्का टेकवतो आणि उचलतो, जीव लावत नाही. डॉक्टर घाईत असतो, म्हणून त्याची डिग्री कायम अर्धीच उठते. वडपे गावातल्या एका गोडाऊनचा वॉचमन तर 'माल मिळाला' असा काही हाणायचा की टेबलावरचा चहा सांडावा. सहा महिन्यांत रबर फाटलं की हा पुन्हा माझ्या दारात. "बाई, तुमचा रबर कच्चा निघाला." मी म्हणायची, "रबर कच्चा नाही बाबा, तुझा हात जड आहे. हळू मार, माल कुठं पळून जात नाही."

भिवंडीत तहसील कचेरीजवळ एका जिन्याखाली माझं दुकान होतं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांनी शिक्क्यांचं काम सुरू केलं आणि त्यांच्यामागे मी चालवलं. बाहेरच्याला वाटतं शिक्का म्हणजे काय, नाव लिहून दिलं की झालं. तसं नाही. आधी खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाची अक्षरं एकेक करून ओळीत बसवायची. त्यावरून साचा काढायचा. साच्यावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवून गरम प्रेसखाली दाबायचा. रबर शिजलं की अक्षरं वर येतात. मग ते कापायचं, लाकडी मुठीला चिकटवायचं आणि गिऱ्हाइकासमोर कोऱ्या कागदावर मारून दाखवायचं. कड स्वच्छ, अक्षर सुटं, शाई कुठं पसरलेली नाही, असं उठलं तरच मी शिक्का हातातून सोडायची. शाई पसरली की मला रात्रीचं जेवण गोड लागत नसे. लोक हसायचे, पण होतं खरं.

गिऱ्हाइकं सगळ्या नमुन्यांची. लूमवाले शेठ ताग्याच्या टोकाला मारायचा शिक्का न्यायचे. सरपंच निवडून आला की पेढ्यांच्या आधी माझ्याकडे यायचा. एकदा एक गोरापान, गोड बोलणारा माणूस आला. सरकारी गोल शिक्का हवा होता, मधे चिन्हासकट. म्हटलं, "खात्याचं पत्र आणा." तो म्हणाला, "पत्रावर मारायलाच तर शिक्का पाहिजे." त्याला मी पाणी पाजून परत पाठवलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्या इकबालभाईंनी ऐकलं, म्हणाले, "आपा, बंदा ईमानदार था. सच तो बोला." इकबालभाईंच्या अशा बोलण्यावर आमचे दिवस जायचे.

मग कॉम्प्युटरचे शिक्के आले. दहा मिनिटांत तयार, शाई आतच भरलेली, पॅडची गरज नाही. दोन हजार सालानंतर दरवर्षी माझी गिऱ्हाइकं गळत गेली. भाऊ म्हणाला, "सुनंदा, प्रेस विकून टाक, मशीन घे." मी म्हटलं, बघू. हा 'बघू' मी सात-आठ वर्षं बोलले. हट्ट म्हणा हवं तर.

साल दोन हजार आठ असावं. आषाढात एक मुलगी भिजत दुकानात आली. पिशवीतून जाड, खरखरीत कागदाचा गठ्ठा काढला. चित्रकलेचा कागद, पाणी पिणारा. म्हणाली, "मावशी, मला दोन चित्रांचे शिक्के हवेत. एक पिंपळाचं पान, एक मिठागर. लग्नाच्या पत्रिकेवर मारायचेत. दोनशे पत्रिका, सगळ्या हातानं करायच्या."

म्हटलं, छापून घे की. दोनशेला काय लागतं?

"छापली की नावं घालावी लागतात," ती म्हणाली.

तिचं नाव राजश्री. कोनची, आगरी घरातली, शाळेत चित्रकला शिकवायची. कोन म्हणजे कल्याणच्या रस्त्यावरचं, इथून जवळचं गाव. तिकडच्या लग्नपत्रिका ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी काय म्हणते ते कळेल. नवरा-नवरीचं नाव दोन ओळींत आणि त्याखाली आजे, पणजे, काके, मामे, आत्या, भावकी, असं ओळीनं अख्खं गाव. एक नाव राहिलं तर वर्षभर बोलणं बंद. आणि या पोरीच्या बाजूनं छापायला एकही नाव नव्हतं. मुलगा मिलिंद, भिवंडीतच पोस्टात नोकरीला, बौद्ध. दोन वर्षं तिनं घरच्यांची वाट पाहिली होती. बापानं ना हो म्हटलं ना नाही, नुसतं तिच्याशी बोलणं सोडलं. थोरल्या काकानं मात्र स्पष्ट सांगितलं, हे लग्न झालं तर तुमच्या घरचं पाणी आम्हाला बंद. ती शाळेतल्या एका बाईंकडे राहायला गेली, कचेरीत नोंदणीची तारीख घेतली आणि माझ्या दुकानात आली.

"नावांच्या जागी चित्र," ती म्हणाली. "पान त्याच्या घरचं, मिठागर माझ्या घरचं. दोनशेतली एक पत्रिका बाबांसाठी. बाकी कुणी नाही आलं तरी चालेल, ते आले पाहिजेत."

मी विचारलं, बाबा कोण? तिनं नाव सांगितलं आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला. हिराजीशेठ. वीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक. आधी खाडीवर त्यांचं मिठागर होतं, मग रस्त्याकडेच्या जमिनीवर गोडाऊनं झाली, भाड्याच्या पावतीचे सगळे शिक्के माझ्याकडचे. माझ्या दुकानात बसून माझ्या हातचा चहा प्यायचे. मी कोण, कुठली, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चहाला माझी जात आड आली नाही, लेकीच्या लग्नाला मिलिंदची आली. मला राग आला, लपवत नाही. त्या रागातच मी ते काम घेतलं.

शिक्के चार दिवसांत झाले. चित्राचा जस्ताचा ब्लॉक करवून आणला, त्यावरून साचा काढला. पान छान उठलं. मिठागरात दोन राशी, एक बांध आणि एक बगळा. मी कोरड्या कागदावर मारून दाखवले, कड अगदी सुरीनं कापल्यासारखी. राजश्री म्हणाली, "सुंदर. आता कागद ओला करून मारा."

"ओला?"

"शाई पसरली पाहिजे, मावशी."

ज्या बाईनं तीस वर्षं लोकांना शाई पसरू देऊ नका म्हणून सांगितलं, तिला हे ऐकावं लागलं. इकबालभाई पलीकडून म्हणाले, "आपा, आज आप का रोजा टूट गया." मी त्यांना शटर अर्धं ओढून दाखवलं.

पण एकदा घेतलं काम टाकायचं नाही. पहिले तीस-चाळीस कागद वाया गेले. कागद ब्रशनं भिजवायचा. पाणी वर तळं करून उभं असताना शिक्का मारला तर पान बुडतं, जांभळा डाग उरतो. फार वाळला तर खरखरीत कागदावर शाई खड्ड्यांत उतरत नाही, बगळ्याची मान तुटते. मधली एक वेळ असते. कागद उजेडाकडे तिरपा धरायचा. चमक जाते पण बोटाला गारवा लागतो, तेव्हा मारायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. मग रेघेच्या कडेनं शाई हळूहळू बाहेर सरकते, आणि पानाच्या शिरा धुक्यात असल्यासारख्या दिसतात. दरवेळी रबर पुसायचं, नाहीतर कागदाचं पाणी शिक्क्यावरून पॅडमध्ये जातं आणि दहाव्या शिक्क्याला शाई फिकी होते. कागद सुरकुततो म्हणून प्लायवूडला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं ताणून ठेवायचा. ताग्यांना मारायची शाई वापरून बघितली, ती जागची हलेना, पान डॉक्टरच्या शिक्क्यासारखं उठलं. शेवटी आपली साधी पॅडची जांभळी शाईच बरी, पाणी दिसलं की धावते.

हे शिकताना मला मजा आली, हेही कबूल करते. पन्नाशी उलटल्यावर हाताला नवी गोष्ट कळली की माणूस वेगळाच खूश होतो.

मग राजश्रीनं पिशवीतून खडे मीठ काढलं. ओल्या कागदावर फिक्या निळ्या रंगाचा हात फिरवायचा, शिक्के मारायचे आणि ओलं असतानाच मीठ भुरभुरायचं. जिथं खडा पडतो तिथून रंग मागे सरतो, पांढऱ्या चांदण्या उमटतात. मिठागराच्या चित्रावर मीठच. मीठही तिनं मुद्दाम शोधून आणलेलं, खाडीकडच्या आगरातलं, याच उन्हाळ्याचं. पहिली पत्रिका वाळली, मी खडे झाडले आणि आम्ही दोघी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो. असलं काही माझ्या दुकानातून कधी बाहेर गेलं नव्हतं.

बारा दिवसांत दोनशे झाल्या. ती शाळा सुटल्यावर यायची, मी दिवसभर. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायचा, आणि त्या दिवसांत वीज रोजच जायची. वाळलेल्या पत्रिका झाडून, मोजून, गठ्ठे बांधून मी लोखंडी कपाटात ठेवल्या. शिक्का वाळला की काम संपलं, हा माझा आयुष्यभराचा हिशेब.

आठ दिवसांनी कपाट उघडलं. गठ्ठे ओलसर होते, कागदात उरलेल्या मिठाला पाणी सुटलं होतं. वरची पत्रिका उचलली तर खालची तिच्यासकट आली. पानं, राशी, बगळे, सगळं एकमेकांत उतरून जांभळं झालेलं. दोनशेतल्या सात धड निघाल्या.

राजश्री आली, बघितलं आणि स्टुलावर बसली. मी तिला धीर द्यायच्या ऐवजी ओरडले. "मीठ कुणी आणलं? तू. आगऱ्याची पोर, आणि तुला मीठ कळू नये?" ती म्हणाली, "मावशी, मी जन्मले तेव्हा आमचं आगर बंद होत आलं होतं. मला मीठ पुडीतलंच माहीत आहे." तेवढंच बोलली. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते. चूक माझीही तेवढीच होती, कपाटात कोंडून मीच ठेवल्या होत्या.

लग्नाला सतरा दिवस राहिले होते. मी म्हटलं, "पुन्हा करू."

"पुन्हा तसंच झालं तर?"

"तर तिसऱ्यांदा करू. तू कागद आण." तोंडानं बोलले खरं, पण करायचं काय, ते मला कळत नव्हतं. मीठ वगळू म्हटलं तर ती ऐकेना. म्हणाली, मीठ नसेल तर ते आमचं घरच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिघडलेल्या पत्रिका सुट्या करून फळीवर पसरत होते, आणि दारात हिराजीशेठ. पावतीचा शिक्का झिजला म्हणून आलेले. पांढरा सदरा, छत्री, कपाळाला बुक्का. नेहमीच्या जागी बसले. मी माझं पसरणं चालूच ठेवलं. त्यांची नजर फळीवर गेली. एक पत्रिका उचलली, अंगठा फिरवला आणि तो अंगठा जिभेला लावला.

"मीठ कोनी टाकलं ह्याच्यावर?"

"का?"

"नवं मीठ हाय हे. ह्याच साली काढलेलं. कडू लागतं बघ." त्यांनी तोंड वाकडं केलं. "नवं मीठ पावसाल्यान रडतं, बाय. त्याच्यातला कडू पानी जायाला रास वर्स-दोन वर्स पेंढ्याखाली झाकून ठेवाची लागते. मंग ते मीठ गप बसतं. आमी आगरावर नवं मीठ घरान पन घेत नसू. आनि टाकलंय केवरं? चिमूट बास व्हती. खडा इरघलाच्या आधी उचलून घ्याचा." माणूस मिठाबद्दल बोलायला लागला की वेगळाच होत होता, आवाज मऊ झाला होता.

मग त्यांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली. चित्राखाली राजश्रीनं हातानं लिहिलेली नवरा-नवरीची दोन नावं होती, फुटलेली, पण वाचता येत होती. त्यांनी ती सावकाश वाचली. पत्रिका खाली ठेवली, अगदी जिथली तिथं.

"पावसाल्यान ना मीठ करत, ना लगीन," ते म्हणाले.

"उन्हाळ्यात दोन वर्षं थांबली होती ती," मी म्हटलं. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं, आता थांबायचं नाही असं मनानं घेतलं. "हिराजीशेठ, या पत्रिकेवर चित्र का आहे, ठाऊक आहे? तिच्या बाजूनं छापायला नाव नाही म्हणून. एकही नाही. बापाचं नाव ती न विचारता टाकू शकली असती. टाकलं नाही. त्या जागी तुमचं आगर काढलंय. तुम्ही माझ्याकडचा चहा वीस वर्षं पिता. मिलिंद माझ्यातलाच आहे. माझा चहा चालतो तर तो का चालत नाही, हे मला एकदा सांगा. मग जा."

ते उठले. छत्री घेतली आणि गेले. शिक्काही न घेता. इकबालभाई दारात येऊन उभे राहिले, मग आत येऊन माझ्याबरोबर पत्रिका पसरायला लागले.

तिसऱ्या दिवशी हिराजीशेठ पुन्हा आले, हातात चिनी मातीची बरणी. टेबलावर ठेवली. "दोन वर्सांचं हाय. घरान झाकून ठेवलेलं. तव्यावर जरा भाजून घ्या, मंग टाका. न्हाय रडायचं."

मी कपाटातून सात धड पत्रिकांतली एक काढली आणि पुढे केली. "ही तुमची."

त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं, संपलं.

"पत्रिका दुकानान घेत न्हाय कोनी," ते म्हणाले. "आमच्याकरं घरी येऊन देतान. हलद-कुंकू लावून."

"घरी आली तर दार उघडाल?"

"दाराला कडी कदी व्हती?" एवढं बोलून गेले. कडी होती की नव्हती ते राजश्रीलाच माहीत. मी तिला सांगितलं तेव्हा ती बरणीचं झाकण उघडून त्यात नाक घालून बसली होती.

दुसऱ्या दोनशे आम्ही नऊ दिवसांत केल्या. कागद चमक जाईपर्यंत धरायचा, शिक्का ठेवायचा, भाजलेल्या मिठाचे पाच-सहा खडे बोटानं टाकायचे आणि चांदणी उमटली की चिमट्यानं उचलायचे. वाळली की उलट्या बाजूनं इस्त्री. मग पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीबरोबर. रोज सकाळी डबा उघडून मी बोट लावून बघायची. बोट कोरडं यायचं. माझ्या हाताचा अंगठा त्या नऊ दिवसांत जांभळा झाला तो महिनाभर तसाच होता. भाऊ येऊन बघून गेला आणि प्रेस विकण्याचं बोलला नाही. पुढं दोन वर्षांनी प्रेस विकलीच म्हणा, भंगारात, त्याचं दुःख वेगळं.

लग्नाला पाच दिवस असताना आम्ही रिक्षानं कोनला गेलो. राजश्रीनं हिरवी साडी नेसली होती. रस्ताभर पत्रिकांचा डबा मांडीवर धरून बसली होती. ओट्यावर हिराजीशेठ खुर्चीत बसले होते आणि दार उघडं होतं. तिची आई आतून आली, लेकीला बघून तिथंच थांबली, पदर तोंडाला लावला. राजश्रीनं पत्रिकेला हळद-कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी बापापुढं धरली. "बाबा, लग्नाला या."

स्वतःच्या बापाला लग्नाचं आमंत्रण. मी आयुष्यात असलं पाहिलं नव्हतं आणि पुन्हा बघू नये असंही वाटलं.

त्यांनी पत्रिका घेतली. अंगठा फिरवून बघितला, कोरडा होता. राशीवर बोट ठेवलं. "बगला चुकला. बगला बांधावर न्हाय उबा ऱ्हात, पान्यान उबा ऱ्हातो." मग उलटून पाठ बघितली, पुन्हा सरळ केली.

"किती केल्या?"

"दोनशे," राजश्री म्हणाली.

"दोनशे अख्ख्या कोन गावाला पुरतान काय?"

ते बायकोला म्हणाले, "ती भावकीची यादी आन गो, थोरल्या पोरीच्या, शेवंतीच्या लग्नातली." मग राजश्रीकडे न बघता, पत्रिकेकडेच बघत म्हणाले, "लिव. पैलं नाव थोरल्या काकाचं."

ती म्हणाली, "काका नाही घेणार, बाबा. माझ्या हातून तर नाहीच."

"तुज्या हातून कोन देतंय? मी देनार. लिव तू."

तिनं माझ्याकडे पेन मागितलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पिशवीत पेन सापडेना. यादी आली, चांगली पाच पानांची, आणि हिराजीशेठ एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. चहा आला होता तो मी अर्धाच घेतला आणि उठले. कागदाचं दुकान सात वाजता बंद व्हायचं.